माणूस असल्याचा दाखला

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. अर्थशास्त्र सोडून तो संगणकाच्या व्यवसायात शिरला, त्याला आता वीस वर्षे झाली. फराळ झाल्यावर तो म्हणाला, “सर, ‘प्रत्येकाला किमान उत्पन्न’ असे ठराव करण्यात तुमच्या पिढीने आयुष्य घालवले. आता त्यासाठी सरकारच्या तोंडाकडे पाहावयास नको. ब्लॉकचेनवर प्रत्येक माणसाची एकदाच, अगदी एकदाच नोंद करावयाची आणि त्याचा वाटा परस्पर त्याच्या खात्यावर जमा करावयाचा. मध्ये तलाठी नाही, मामलेदार नाही, दलाल नाही. तुमचा समाजवाद आम्ही यंत्राने आणून देतो!”

त्या वेळी मी हसलो आणि विषय बदलला. पुढे लक्षात आले की, हाच युक्तिवाद आपल्या अभ्यासवर्गांतील काही तरुण साथीही करू लागले आहेत. नोकरशाहीचा आणि सरकारी पाळतीचा त्यांना आलेला वीट प्रामाणिक आहे. म्हणूनच त्यांना नुसत्या हसण्याने उत्तर देणे बरे नव्हे. हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराची भरपाई होय.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ब्लॉकचेन ही एक नोंदवही आहे. तिच्या हुबेहूब प्रती हजारो संगणकांवर असतात. तिचा कोणी एक मालक नसतो आणि एकदा झालेली नोंद मागाहून खरवडून काढता येत नाही. कल्पना निश्चितच बुद्धिमान आहे. पण या वहीला माणूस ओळखता येत नाही. तिला ओळखता येतात त्या केवळ किल्ल्या, म्हणजे गुप्त आकडे. एकच माणूस एका दुपारी हजार किल्ल्या तयार करू शकतो आणि वहीच्या लेखी तो हजार माणसे होतो. मग मतदान घ्या की उत्पन्न वाटा, लबाडाला हजार वाटे आणि सरळ माणसाला एक! संगणकशास्त्रात या प्रकाराला ‘सिबिल हल्ला’ असे नाव आहे. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक जॉन डूसूर यांनी २००२ मध्येच असा निष्कर्ष मांडला होता की, ओळखीची हमी देणारी एखादी मध्यवर्ती सत्ता नसेल, तर व्यवहारात हा हल्ला रोखता येत नाही. वाचकांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. सत्तेवाचून चालणारी वही पाहिजे असेल तर माणसे मोजता येत नाहीत आणि माणसे मोजावयाची असतील तर कोठे तरी सत्ता येते. प्रश्न एवढाच उरतो की, ती सत्ता कोणाची आणि ती कोणाला जबाबदार.

या पेचातून सुटण्यासाठी नोंदवहीवाल्यांनी आधी जे मार्ग काढले, ते समाजवाद्याने तपासून पाहण्याजोगे आहेत. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने ठरविले की, माणूस मोजता येत नाही ना, मग यंत्राची शक्ती मोजू. ज्याची यंत्रे अधिक, ज्याला वीज स्वस्त, त्याचा शब्द वहीत अधिक चालणार. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये हा मार्ग सोडला आणि शक्तीऐवजी ठेव मोजण्यास सुरुवात केली. नोंदी प्रमाणित करण्याचा स्वतंत्र अधिकार हवा असेल, तर निदान ३२ इथर अनामत ठेवले पाहिजेत. ज्याची ठेव मोठी, त्याचे वजन मोठे. हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे काय? १९३५ च्या कायद्याखाली शेतसारा, प्राप्तिकर, शिक्षण अशा अटी पुऱ्या करणाऱ्यासच मत होते. मालमत्ता हीच पात्रता, हे तत्त्व घटनेच्या ३२६ व्या कलमाने आपण या देशात मोडीत काढले. तेच तत्त्व संगणकाच्या भाषेत परत आले, तेव्हा मात्र आपल्यातील काही जणांनी त्याला ‘विकेंद्रीकरण’ म्हणून सलाम ठोकला!

माणूस मोजल्याखेरीज लोकशाही नाही, हे तेथील विचारी मंडळींनाही पटले आणि त्यातून ‘माणूसपणाच्या पुराव्या’चे निरनिराळे प्रयोग निघाले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रूफ ऑफ ह्युमॅनिटी’ या उपक्रमात नोंद करणाऱ्याने आपली चित्रफीत द्यावयाची, अनामत भरावयाची आणि आधी नोंदलेल्या कोणी त्याच्यासाठी शब्द टाकावयाचा, अशी रीत होती. नोंद झालेल्या प्रत्येकास तासाला एक नाणे मिळे आणि त्या नाण्याचे नावच ‘यूबीआय’, म्हणजे सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न, असे होते. हेतू निर्मळ होता. पण ज्याच्याजवळ अनामतीचे इथर नाहीत आणि ज्याला तेथे कोणी ओळखत नाही, तो दारिद्र्यात असूनही दाराबाहेरच राहिला. शिवाय, नाण्यामागे उत्पादन काहीच नसल्याने ‘उत्पन्न’ हे नावापुरतेच राहिले.

भांडवल मात्र दुसऱ्याच प्रयोगामागे धावले. त्याचे नाव वर्ल्डकॉइन. ऑक्टोबर २०२४ पासून नुसते ‘वर्ल्ड’. सॅम ऑल्टमन आणि अॅलेक्स ब्लानिया हे त्याच्या संस्थापकांपैकी होत. जुलै २०२३ मध्ये तो जगासमोर रीतसर खुला झाला. चकचकीत धातूच्या गोळ्यासारखे एक यंत्र माणसाच्या डोळ्यांसमोर धरतात. बुबुळावरील नक्षीचे छायाचित्र घेऊन यंत्र त्याचे आकड्यांत रूपांतर करते. ते आकडे आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहिले जातात आणि जुळले नाहीत तर ‘हा माणूस नवा आहे’ असा दाखला मिळतो. २०२५ च्या मध्यापर्यंत असे दाखले घेणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेल्याचे कंपनीने सांगितले होते.

याच ऑल्टमन यांच्या ओपनएआय कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी बाजारात आणले. त्या घडीपासून समोर लिहिणारा माणूस की यंत्र, हे ओळखणे कठीण होत गेले. एका हाताने नाणी खोटी पाडावयाची आणि दुसऱ्या हाताने नाणी पारखण्याचे दुकान थाटावयाचे, असा हा धंदा आहे. मी त्यांच्या हेतूवर संशय घेत नाही. हेतूवर संशय घेणे हे आळशी टीकाकाराचे काम. मी फक्त व्यवहार पाहतो.

नाण्यामागे काय आहे?

मूलभूत उत्पन्न म्हणजे काय? समाजाने मिळून जे निर्माण केले त्यावरील प्रत्येकाचा हक्क. एकाच्या ताटात भाकरी पडावयाची तर ती कोणाच्या तरी श्रमातून आणि कोणाच्या तरी वाढाव्यातून आली पाहिजे. अलास्कामध्ये १९८२ पासून तेथील रहिवाशांना दरवर्षी लाभांश मिळतो. त्यामागे जमिनीतील तेल आहे आणि त्या तेलाच्या उत्पन्नाचा वाटा बाजूस ठेवणारा सार्वजनिक निधी आहे. आपल्या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोरे खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा रस्त्याच्या कडेला पाहत असू. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा घडला आणि तो चालविण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. माझ्या प्राध्यापकीच्या पगारातून तो दरमहा कापला जाई. रक्कम लहान होती, तरी शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघून ती गावाकडच्या मजुराच्या हातात जात होती. पुनर्वाटप यालाच म्हणतात.

आता वर्ल्डकॉइनच्या नाण्याकडे पाहू. कंपनीच्या जाहीर आराखड्याप्रमाणे नाणी एकूण एक हजार कोटी. त्यांपैकी ७५ टक्के ‘समुदाया’साठी आणि उरलेली २५ टक्के कंपनीचे गुंतवणूकदार, तिची माणसे आणि तिची राखीव शिल्लक यांच्यासाठी. म्हणजे जगातल्या साऱ्या माणसांची म्हणून जी संपत्ती सांगितली जाते, तिच्यातील दर चार नाण्यांपैकी एक आधीच मूठभरांच्या पेटीत गेलेले आहे. या नाण्यामागे तेल नाही, जमीन नाही, कर नाही. उद्या दुसरा कोणी ते आजच्याहून अधिक भावाने घेईल, एवढीच आशा त्यामागे आहे. नैरोबीतील बेकार तरुणाला जे पैसे मिळतात ते कोणा श्रीमंताच्या वाढाव्यातून येत नाहीत. ते त्याच्यामागून बाजारात उतरणाऱ्या सट्टेबाजाच्या खिशातून येतात. भाव पडला की ‘उत्पन्न’ही पडते. नोंदलेल्या डोळ्यांची संख्या जसजशी फुगते, तसतसे मूठभरांच्या २५ टक्क्यांना मोल चढण्याची आशा वाढते. या कारखान्यात डोळा हा कच्चा माल आहे आणि वाटलेली नाणी ही त्या मालाची किंमत आहे. जाहिरातीच्या खर्चाला पुनर्वाटप म्हणणे ही निव्वळ मखलाशी झाली.

संमती की सौदा?

“पण कोणावर सक्ती कोठे आहे? ज्याला पाहिजे तो येतो,” असे उत्तर येते. हे उत्तर केनियातच तपासून पाहू.

जुलै २०२३ च्या अखेरीस नैरोबीत यंत्रापुढे हजारोंच्या रांगा लागल्या. एका नोंदणीबद्दल २५ नाणी मिळत होती. त्यांची किंमत त्या वेळी सुमारे सात हजार शिलिंग होती. गर्दी इतकी झाली की २ ऑगस्ट रोजी सरकारला नोंदणी थांबवावी लागली. तोवर सुमारे साडेतीन लाख केनियन नागरिकांचे डोळे टिपून झाले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, आमिष दाखवून मिळविलेली संमती ही खरी संमती नव्हे आणि कायद्याने आवश्यक असलेली परिणामांची पूर्वतपासणीही रीतसर झालेली नाही. गोळा केलेली शारीरिक माहिती सात दिवसांत नष्ट करावी, असा आदेश न्यायालयाने दिला. इतरत्रही हेच घडले. स्पेनने आणि पोर्तुगालने मार्च २०२४ मध्ये ही नोंदणी तात्पुरती रोखली, हाँगकाँगने त्याच वर्षी मे महिन्यात ती थांबविण्याचा आदेश दिला. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये डोळ्यांच्या बदल्यात मोबदला देण्यास मनाई केली आणि इंडोनेशियाने मे २०२५ मध्ये परवाना स्थगित केला.

केनियाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. इंग्रजी अमलात तेथील आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ नावाचा दाखला बाळगावा लागे. त्यावर बोटांचे ठसे असत, मालकाच्या चाकरीची नोंद असे आणि धातूच्या डबीत घालून तो गळ्यात अडकवावा लागे. मजूर मळा सोडून पळाला तर त्याला हुडकून काढता यावे, हा त्याचा खरा उपयोग. १९२१-२२ मध्ये हॅरी थुकू यांनी जी चळवळ उभारली तिच्या गाऱ्हाण्यांत किपांडे ठळकपणे होता. ज्या देशाच्या आजोबांनी शरीराच्या खुणेची ही बेडी तोडण्यासाठी लढा दिला, त्याच देशाच्या नातवांना रांगेत उभे करण्यास सात हजार शिलिंग पुरले! दंडुक्याने जे घेतले जाई ते आता दारिद्र्याने घेतले जाते, हा फरक काय लहान आहे? फरक आहे, पण तो घेणाऱ्याच्या सोयीचा आहे.

आणि ठशांचा हा इतिहास आपल्याच भूमीत सुरू झाला, हे विसरता कामा नये. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा पुरवठा करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. कशासाठी? तर पुढे त्याने करार नाकारू नये म्हणून. ओळख पटविण्याच्या आधुनिक शास्त्राची पहिली पायरी ही अशी आहे: वरच्याने खालच्यावर ठेवलेला अविश्वास. खालच्याने वरच्याचा ठसा घेतल्याचे उदाहरण या साऱ्या इतिहासात मला तरी आढळले नाही.

याच प्रश्नावर गांधींनी दक्षिण आफ्रिकेत लढा दिला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यातील बारकावा शिकलो नाही. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधील सभेने नोंदणीच्या कायद्यापुढे न झुकण्याची शपथ घेतली. १९०८ च्या आरंभी तडजोड झाली, तेव्हा मात्र गांधी स्वेच्छेने ठसे देण्यास तयार झाले आणि त्यापायी आपल्याच माणसांचा मारही त्यांनी खाल्ला. म्हणजे त्यांचा आक्षेप शाईला नव्हता, सक्तीला होता. मग सरकारने कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी दोन हजारांहून अधिक दाखले मशिदीच्या पटांगणात जाळण्यात आले. दिलेली संमती परत घेता येणे हा संमतीचा प्राण आहे. कागद जाळता येतो. ज्या वहीचे सारे वैभवच ‘खोडता येत नाही’ यात आहे, तिच्यावरचा दाखला कोणत्या पटांगणात जाळावयाचा? आणि बुबुळ बदलून कोठे मिळते?

चुकीचे गणित

कंपनीचे म्हणणे असे की, छायाचित्रे पुसून टाकली जातात, आकड्यांचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणी ठेवले जातात आणि दाखला वापरताना नाव-गाव उघड होत नाही. वादापुरते हे सर्व खरे मानू. त्यातील गणिती कौशल्य खरोखरच उच्च प्रतीचे आहे. पण माझा आक्षेप गुप्ततेपाशी थांबत नाही. यंत्र चुकले तर दाद कोणाकडे मागावयाची, हा माझा प्रश्न आहे.

थोडे गणित करू. जगातील ८०० कोटी माणसांची नोंद करावयाची, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना झाली पाहिजे. अशा जोड्या होतात सुमारे ३ लाख २० हजार कोटी कोटी, अर्थात ३२ वर अठरा शून्ये. आता उदार होऊन असे गृहीत धरू की, यंत्र एक लाख कोटी तुलनांमध्ये फक्त एकदाच चुकते. दोन निराळ्या माणसांना एक समजते. इतके अचूक यंत्र असूनही चुकीच्या जोड्या निघतील तीन कोटी वीस लाख! तितक्या वेळा कोणाला तरी सांगितले जाईल की, ‘तुमची नोंद आधीच झालेली आहे, तुम्ही दुसऱ्यांदा आला आहात.’ अचूकता दसपट वाढवा. तरी बत्तीस लाख राहतात. कारण इथे चूक यंत्राच्या दोषातून जितकी येते तितकीच ती संख्येच्या अफाटपणातून येते. आणि अशा माणसाला कोणता तहसीलदार, कोणते न्यायालय, कोणता आमदार उपलब्ध आहे? त्याला उपलब्ध आहे एक ग्राहक-सेवा, जी स्वतःच बहुधा यंत्र असेल.

हे काल्पनिक वाटत असेल तर घरचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. दुबार आणि बोगस लाभार्थी हुडकून काढणे, हाच त्यामागचा मुख्य युक्तिवाद होता. पुढे शिधावाटपाच्या दुकानात बोट टेकविण्याचे यंत्र आले. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत अशी ओळख न पटण्याचे अंदाज दिलेले आहेत: झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के. ज्याचे बोट विटा वाहून, भात लावून, भांडी घासून झिजले, त्याचाच ठसा उमटत नाही. म्हणजे ज्याने सर्वांत अधिक श्रम केले, त्यालाच यंत्र म्हणते, ‘तू तो नव्हेस.’ यावर आवाज उठविण्यास निदान जागा होती. विधिमंडळ होते, वर्तमानपत्रे होती, सर्वोच्च न्यायालय होते. त्या न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आधार वैध ठरवितानाच खासगी कंपन्यांच्या वापराला मर्यादा घातली. तो निकाल अपुरा होता, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. पण अपुरा निकाल देणारे न्यायालय असणे आणि न्यायालयच नसणे, या दोहोंत अंतर आहे.

आणखी एक गोष्ट. यंत्र सांगते ते इतकेच की, अमक्या दिवशी एक न नोंदलेला डोळा समोर होता. त्यानंतर ती किल्ली कोणाच्या हाती गेली, हे यंत्राला कळत नाही. गरजू माणूस ती विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो, सावकाराकडे ओलीस ठेवू शकतो. इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी जुलै २०२३ मधील आपल्या निबंधात हा धोका मोकळेपणाने मान्य केला आहे. शिधापत्रिका सावकाराकडे गहाण पडण्याचा प्रकार आपल्या वाड्यापाड्यांना नवा नाही. विषमता तशीच ठेवून ओळख तेवढी पक्की केली, तर ओळखही गहाण टाकण्याची एक वस्तू होते. यापलीकडे दुसरे काही होत नाही.

बोटावरची शाई

मग ‘एक माणूस, एक वाटा’ हे साधावयाचे कसे? आक्षेप घेणाऱ्याने या प्रश्नापासून पळ काढता कामा नये. सुदैवाने आपल्या देशाने तो एकदा सोडविलेला आहे आणि तोही अतिशय स्वस्तात.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. त्यांतील बहुसंख्य निरक्षर. याद्या करताना असे दिसले की, लाखो स्त्रिया आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच त्या सांगत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यापायी यादीतून वगळावी लागली. तो अन्यायच होता. पण त्याची जाहीर कबुली दिली गेली आणि पुढील निवडणुकांत तो दूर करण्याची खटपट झाली. आणि दुबार मतदान रोखण्यासाठी काय वापरले? डावी तर्जनी आणि शाईचा एक ठिपका! १९६२ पासून म्हैसूरच्या एका सार्वजनिक कारखान्यात ती शाई तयार होते.

या ठिपक्याचा विचार करा. या माणसाने या निवडणुकीत मत दिले, एवढेच तो सांगतो. त्याचे नाव, जात, मिळकत, फिरती यांविषयी तो काही बोलत नाही. तो कोणत्याही कोठारात साठवला जात नाही. काही आठवड्यांनी नख वाढते आणि तो आपोआप नाहीसा होतो. समोर बसलेला प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून ‘हा तो नव्हे’ अशी हरकत घेऊ शकतो आणि केंद्राध्यक्षाला त्याचा निवाडा सर्वांच्या देखत तेथल्या तेथे करावा लागतो. तुमच्या नावाने कोणी आधीच मत टाकून गेला असेल, तरी तुम्हाला हात हलवीत परत पाठविता येत नाही. प्रदत्त मतपत्रिका द्यावी लागते. म्हणजे चूक होणार हे गृहीत धरून तिची दाद नियमातच ठेवलेली आहे. हीच गोष्ट हजेरीपटाची. रोजगार हमीच्या मस्टरांवर खोटी नावे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोटकिराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरविली आणि मस्टर सर्वांसमक्ष वाचून दाखविले, तेव्हा खोटी नावे गावानेच उघडी पाडली. कोण जिवंत, कोण मेलेला, कोण कामावर होता, हे गावाला ठाऊक होते. त्याला बुबुळ तपासावे लागले नाही.

येथे एक रास्त हरकत निघेल. गाव म्हणजे काही देवमाणसांची वस्ती नव्हे. ज्याने शब्द टाकावयाचा तो पाटील असेल आणि ज्याच्यासाठी टाकावयाचा ती दलित विधवा असेल, तर? ही हरकत मला मान्य आहे. म्हणूनच मी नुसत्या गावकीवर विसंबत नाही. गावकीच्या वर कायदा हवा, कायद्याच्या वर घटना हवी आणि तिन्ही ठिकाणी त्या विधवेला बोलण्याचा हक्क हवा. सरकार पाळत ठेवते, नोकरशाही छळते, हेही खरेच. पण त्यावरचा उपाय सरकारला जाब विचारण्याची ताकद वाढविणे, हा आहे. जिला जाबच विचारता येत नाही अशा कंपनीच्या हाती माणूसपणाचा शिक्का देणे, हा नव्हे. मालक बदलला म्हणजे गुलामगिरी सुटत नसते.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्यासारख्या साथींना माझे सांगणे असे. ओळखीची गरज ज्या कामापुरती, ओळखही त्या कामापुरतीच असावी. मतासाठी निराळी, शिध्यासाठी निराळी. शरीराची खूण मोबदल्यात विकत घेण्यास कायद्याने बंदी असावी. मनुष्याच्या अवयवांचा व्यापार आपण निषिद्ध मानतो, त्याच न्यायाने. जिथे यंत्र नाही म्हणेल तिथे होय म्हणण्याचा अधिकार असलेला, नाव-पत्ता असलेला माणूस हजर असावा आणि तोवर धान्य थांबू नये. आणि किमान उत्पन्न हवे असेल, तर ते कर बसवून, संपत्तीवर हात घालून, विधिमंडळात भांडून मिळवावे. त्याला जवळची वाट नाही. डोळ्यातून तर नाहीच नाही.

दारिद्र्याच्या प्रश्नाला ‘गरीब एकच आहे की दोनदा आला’ या प्रश्नाचे रूप देणे, हीच या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी असलेली चूक आहे. दोनदा येणाऱ्या गरिबाने समाजाचे जेवढे लुबाडले असेल, त्याहून कितीतरी अधिक एकदाही रांगेत उभे न राहणाऱ्यांनी लुबाडले आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र आजवर कोणी यंत्र धरलेले नाही.

माणूस हा माणूस आहे, हे सिद्ध करण्याचा भार माणसावर नाही. ते नाकारणाऱ्यावर आहे. पुढच्या दिवाळीत तो येईल तेव्हा फराळाआधीच त्याला हे सांगावयाचे, असे मी ठरविले आहे.